पट्टे मारणारा प्रिंटर आणि सादळलेला कागद

आषाढातली दुपार. वरच्या वाडीतले आबा छत्री मिटत ओट्यावर आले आणि शर्टाच्या आत पोटाशी धरलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे केला. "ह्यो प्रिंटर गेलो. आता नवो घेवचो लागतलो."

कागद सातबाऱ्याचा होता. आडवे पांढरे पट्टे, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर एकेक, असे पानभर. तक्त्याच्या उभ्या रेघा सरळ नव्हत्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या किंचित सरकत खाली उतरल्या होत्या. आणि गटनंबराच्या आकड्यांना बारीक केस फुटले होते, टीपकागदावर लिहिल्यासारखे.

आबांकडे देवगड तालुक्यात दोन खोल्यांचं होमस्टे आहे, थोडी कलमं आहेत, आणि टाकीत बाटलीने शाई भरायचा इंकजेट प्रिंटर आहे. पर्यटकांची बिलं, आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं, सातबारा, नातवाचे प्रोजेक्ट, गणपतीत आरत्या, सगळं त्याच्यावर. "मग काय केलंत?" विचारलं. तर हेड क्लीनिंग, म्हणजे शाई टाकणारं तोंड साफ करायची मेनूतली आज्ञा. किती वेळा? सात-आठ. घरी जाऊन पाहिलं तर टाकीतली किरमिजी शाई चांगली बोटभर उतरलेली.

प्रिंटर गेला नव्हता. त्या एका पानावर तीन वेगवेगळी दुखणी होती आणि आबांनी तिन्हींवर एकच औषध दिलं होतं. घरच्या प्रिंटरचं बहुतेक असंच होतं. पान वाईट आलं की लोक मेनूत जे पहिलं बटण सापडेल ते दाबत सुटतात. त्याऐवजी पान नीट बघितलं तर काय दुखतंय ते बहुतेक वेळा पानच सांगतं. तेच बघणं कसं करायचं ते इथे सांगतो. पण त्याआधी शाई कागदावर येते कशी ते दोन मिनिटं.

इंकजेटचं हेड म्हणजे बारीक छिद्रांची चाळण. ही छिद्रं, म्हणजे नोझल, आपल्या केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी असतात आणि एका रंगाला शेकड्यांनी असतात. हेड कागदाच्या रुंदीवर डावीकडून उजवीकडे धावतं, थेंब टाकतं, कागद थोडा पुढे सरकतो, हेड पुन्हा धावतं. थेंब किती छोटा? चांगल्या घरगुती प्रिंटरचा बारीक थेंब तीन पिकोलिटरच्या (पिकोलिटर म्हणजे मिलिलिटरचा अब्जावा भाग) आसपास धरा. म्हणजे एक मिलिलिटर शाईतून ३३ कोटी थेंब निघतात. तेहतीस कोटी देवांना एकेक थेंब वाटून मोकळं व्हावं, तसा हिशेब.

हे थेंब ढकलायच्या दोन रीती आहेत. कॅनन आणि एचपीचे घरगुती प्रिंटर उष्णतेवर चालतात. नोझलमागे एक सूक्ष्म हीटर असतो. तो सेकंदाच्या लाखाव्या-दशलक्षाव्या भागात तीनशे अंशांच्या वर तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा उठतो आणि पुढचा थेंब बाहेर फेकला जातो. बुडबुडा फुटला की रिकाम्या जागेत नवी शाई ओढली जाते. कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला सोल्डरिंगच्या, म्हणजे तारा डाखायच्या अवजाराचं तापलेलं टोक चुकून लागलं आणि सुईतून शाई उडाली, त्यातून ही कल्पना सुचली. तिकडे एचपीनेही आपल्या वाटेने तेच शोधलं आणि १९८४ मध्ये थिंकजेट हा प्रिंटर बाजारात आणला. दुसरी रीत एप्सन आणि ब्रदरची. तिथे तापवणं नाही. वीज दिली की किंचित वाकणारा स्फटिक शाईला मागून दाबतो, पिचकारीसारखा. दाब दिला की काही स्फटिकांत वीज निर्माण होते हे पियर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं होतं. इथे तोच गुण उलट्या बाजूने वापरलाय.

घरच्या माणसाला हा फरक कशाला हवा? तर एवढ्यासाठी. उष्णतेवाल्या बऱ्याच स्वस्त प्रिंटरांत हेड कार्ट्रिजलाच, म्हणजे शाईच्या बदलायच्या डबीलाच चिकटलेलं असतं, त्यामुळे कार्ट्रिज बदललं की हेडही नवं मिळतं. स्फटिकवाल्यांत हेड मशीनमध्ये कायमचं बसवलेलं असतं. ते कायमचं चोंदलं तर नवं हेड टाकायचा खर्च ऐकून माणूस नवा प्रिंटरच बघायला लागतो. तेव्हा आपला कुठला, ते आधी माहीत करून घ्या.

पट्टे

पानावर आडवे पांढरे पट्टे ठरावीक अंतराने येत असतील तर पहिला संशय चोंदलेल्या नोझलवर. हेड आडवं धावतं, म्हणून बंद छिद्राची रिकामी रेघही आडवीच पडते आणि हेडच्या प्रत्येक फेरीत परत येते.

संशय खरा की खोटा ते नोझल चेक सांगतो. प्रिंटरच्या मेंटेनन्स मेनूत तो असतो. ज्या मशीनला पडदा नाही तिथे एखादं बटण दाबून ठेवायचं असतं, ते पुस्तिकेत मिळेल. चार रंगांच्या बारीक रेघांच्या जाळ्या छापून येतात. आबांच्या घरी तेच काढलं. काळी जाळी अखंड. निळी अखंड. किरमिजीत मात्र मधल्या तीन-चार रेघा गायब, आणि खालची एक रेघ होती पण जागेवरून जरा घसरलेली. गायब रेघ म्हणजे छिद्र बंद. घसरलेली रेघ म्हणजे छिद्राच्या तोंडाशी काहीतरी चिकटलंय आणि थेंब तिरका जातोय.

पिवळी जाळी वाचणं ही एक कटकटच असते, पांढऱ्या कागदावर पिवळं दिसतच नाही. आकाशकंदील करताना उरलेला निळा जिलेटीन कागद घरात असेल तर त्यातून बघा. पिवळ्या रेघा काळपट होऊन लख्ख दिसतात. मी ही युक्ती सांगितली तेव्हा नातू धावत जाऊन मागल्या दिवाळीचा तुकडाच घेऊन आला.

जाळीचा कागद नसेल तर रंगीत फोटोवरूनही पत्ता लागतो. आपल्याकडे त्यासाठी हापूसच्या फोटोइतकं चांगलं काही नाही. हापूसचा केशरी पिवळा रंग हा पिवळी आणि थोडी किरमिजी मिळून होतो. आंबा लिंबासारखा पोपटी-पिवळा आला तर किरमिजी शाई येत नाही. आंबा गुलाबी आला तर पिवळी बंद. आंबा बरा आहे पण मागचं झाड पिवळं पडलंय आणि समुद्राला लाली चढलीय, तर निळी गेली. माणसांचे चेहरे हिरवट आले तरी दोष किरमिजीचाच.

आता क्लीनिंग. या आज्ञेने प्रिंटर हेडच्या तोंडाला रबरी टोपी लावून पंपाने शाई ओढतो आणि रबराच्या पट्टीने तोंड पुसतो. ओढलेली शाई जाते कुठे? मशीनच्या तळाशी असलेल्या फेल्टच्या गादीत. तुम्ही पैसे देऊन भरलेली शाई थेट गटारात, असं समजा. शिवाय ती गादी किती भरली याचा हिशेब मशीन ठेवतं आणि मर्यादा गाठली की छापायलाच नकार देतं. काही नव्या टाकीवाल्या मॉडेलांत या शाईचा डबा स्वतः बदलता येतो, बाकीच्यांत कारागीर लागतो. आबांची बोटभर शाई या गादीत जिरली होती.

म्हणून रीत अशी ठेवा. नोझल चेक, एक क्लीनिंग, परत नोझल चेक. दोन्ही कागद शेजारी धरून बघा. रेघा थोड्या जरी वाढल्या असतील तर अजून एकदा करा. तीनदा करूनही फरक नसेल तर थांबा, मशीन त्याच्या बटणाने बंद करा आणि रात्रभर तसंच राहू द्या. हे ऐकून लोकांना वाटतं मी टाळतोय. पण वाळलेल्या शाईशी नवी शाई भिडलेली असते, ती तिला रात्रभरात मऊ करते. आणि लागोपाठच्या पंपिंगने हेडात शिरलेले हवेचे बुडबुडेही विरून जातात. सुकलेला गोंद खरवडण्यापेक्षा भिजत घालावा, तसंच हे. रात्रीनंतरही जाळी तुटकीच असेल तर मेनूतलं डीप किंवा पॉवर क्लीनिंग एकदा करा, पण टाकीत शाई भरपूर असेल तेव्हाच. ते शाई घटाघटा पितं.

हेडवालं कार्ट्रिज असेल तर आणखी एक उपाय हातात असतो. बशीत कोमट पाणी घ्या, टिश्यूची घडी ओली करून पिळा आणि कार्ट्रिजचं तोंड तिच्यावर मिनिटभर नुसतं टेकवून ठेवा. घासू नका. तांब्याच्या पट्ट्यांना बोट लावू नका. उचलल्यावर टिश्यूवर तिन्ही रंगांचे डाग वेगवेगळे उमटले तर काम झालं. सुई, टूथपिक, नेलपॉलिश काढायचं पाणी, असले प्रयोग कुणी सुचवले तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आणि पट्टे पडत असतानाच पानंच्या पानं छापत राहू नका. उष्णतेवाल्या हेडात शाई नसताना हीटर तापत राहिला तर तो जळतो आणि मग कुठलंच कोमट पाणी उपयोगाचं नाही.

कधीकधी जाळी एकदम पूर्ण येते, तरी पानावर पट्टे असतात आणि ते सगळ्या रंगांतून एकाच जागी जातात. मग दोष नोझलचा नव्हे, कागद सरकण्याचा. रबरी रोलरवर धूळ आणि कागदाचा भुसा बसून तो गुळगुळीत झालेला असतो. मशीन बंद करून ओलसर फडक्याने रोलर पुसावा, फिरवत फिरवत. पाठीमागून कागद घालायचा ट्रे असेल तर त्यात टॉर्च मारून बघा. आमच्या ट्रेमधून आजवर एक टाचणी, पेन्सिलचा तुकडा आणि पालीचं अंडं निघालंय. पावसाळ्यात मुंग्याही कोरडी जागा शोधत आत शिरतात; ट्रेवर झाकण नसेल तर जुना पंचा टाकून ठेवावा, एवढंच.

लाईट गेली तेव्हा हेड कुठे होतं?

आबांचं हेड चोंदलं कशाने? हा प्रश्न मला उपायापेक्षा महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे एवढी दमट हवा, कपडे चार दिवस वाळत नाहीत, मग शाई कशी वाळते?

इंकजेटची शाई म्हणजे मुख्यतः पाणी, त्यात रंग, आणि ती लवकर वाळू नये म्हणून ग्लिसरीनसारखे ओल धरणारे पदार्थ. शिवाय काम संपलं की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं. टोपी छिद्रांची तोंडं झाकून घेते. टोपीवर बसलेलं हेड आठवडा-दोन आठवडे आरामात टिकतं. उघडं राहिलेलं हेड पावसाळ्यातसुद्धा दोन-तीन दिवसांत बिघडतं, कारण एवढ्याशा छिद्राच्या तोंडावरचं पाणी उडायला फार वेळ लागत नाही.

आणि इथे कोकणचा प्रश्न येतो. छपाई चालू असताना लाईट गेली की हेड जिथे असेल तिथेच उभं राहतं, टोपीविना. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर सरकलं त्या दिवशी मी असंच एक पान छापत होतो. पान अर्ध्यावर अडकलं, लाईट गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. माडाच्या झावळ्या, उडालेली कौलं, घरात गळणारं पाणी, यात प्रिंटर कुणाला आठवतोय. लाईट आल्यावर पहिलं पान काढलं तर काळा रंग संपूर्ण गायब. तीन रात्री गेल्या तो परत यायला.

रोजचा प्रकार मात्र याहून साधा असतो. रात्री झोपताना भिंतीवरचं बटण खटकन् बंद करायची आपल्याला सवय आहे, वीज कडाडते म्हणून तर जास्तच. पण प्रिंटर आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायला हवा. मग तो हेड जागेवर नेतो, टोपी लावतो, दिवा विझतो. त्यानंतर खुशाल भिंतीचं बटण बंद करा, प्लगसुद्धा काढा. मे महिन्यातल्या वळवाच्या गडगडाटात मी तो काढतोच.

घरी इन्व्हर्टर असेल तर प्रिंटरचा प्लग त्याच्यावर घ्या. इंकजेट छापतानाही साधारण एलईडी बल्बइतकी, दहा-वीस वॅटच वीज खातो. लेझर प्रिंटर मात्र चुकूनही इन्व्हर्टरवर लावू नका, त्याचा आतला रोलर तापवायला शेकड्यांनी वॅट लागतात. इन्व्हर्टर नसेल आणि मध्येच लाईट गेली तर हेड हाताने ढकलत बसू नका. लाईट आल्याबरोबर मशीन एकदा चालू करून बटणाने बंद करा, बस.

राहिला आबांचा खरा गुन्हा. जूनपासून पर्यटक बंद, म्हणून प्रिंटर दीड महिना फडक्याखाली झाकून. झाकला हे बरं केलं, पण इंकजेटला आठवड्यातून एकदा तरी चारही रंगांचं एक पान काढायला लावावं. अर्ध्या पानाचं सुद्धा चालतं. होमस्टेचा पत्ता आणि रंगीत आंबा असलेलं कार्ड काढा, वाया जाणार नाही.

केसाळ अक्षरं

आता त्या केस फुटलेल्या आकड्यांकडे येतो, कारण आमच्या किनाऱ्यावर मला सर्वांत जास्त भेटणारं दुखणं हेच आहे आणि त्यात प्रिंटरचा काडीचा दोष नसतो. कागद सादळलेला असतो.

कागद म्हणजे लाकडाचे तंतू, आणि तंतू हवेतलं पाणी ओढून घेतात. कारखान्यातून रीम, म्हणजे कागदाचा बांधलेला गठ्ठा, निघते तेव्हा कागदात पाच टक्क्यांच्या आसपास ओल असते. जुलैत आमच्याकडे हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते. अनेक प्रिंटरांच्या पुस्तिकेत २० ते ८० टक्के आर्द्रतेतच मशीन चालवा असं दिलेलं असतं, ते वाचून आमच्यासारख्यांनी हसावं. फोडलेली रीम चार दिवस उघडी राहिली की पापड सादळतो तसा कागद सादळतो. मग शाईचा थेंब पडला की जागेवर राहत नाही, ओल्या तंतूंच्या वाटेने पसरतो. तेच ते केस. गडद रंगाचं पान असेल तर कागद फुगून लाटा उठतात, लाटेचा उंचवटा हेडला घासतो, आणि कडेला काळा ओरखडा उमटतो. घासताना कागदाचा भुसा हेडला चिकटतो आणि पुन्हा छिद्रं चोंदतात. दोन-तीन कागद एकदम ओढले जाणं, तिरके जाणं, हेही त्याच ओलीमुळे.

ओळखायला यंत्र नको. एक कागद कोपऱ्याला धरून हवेत झटका. कोरडा कागद खडखडतो, सादळलेला नुसता फडफडतो. आबांच्या ट्रेमधला कागद तर धुतलेल्या साडीच्या घडीसारखा वाजला.

उपाय स्वयंपाकघरात आहे. रीम एकदम फोडायची नाही. वेष्टनाला आतून मेणाचा नाहीतर प्लास्टिकचा थर असतो, तो ओल अडवतो. एका बाजूने फोडा, लागतील तेवढेच दहा-वीस कागद काढा, बाकीची रीम वेष्टनासकट घट्ट झाकणाच्या डब्यात. बुटाच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या) पुड्या फेकून देऊ नका, या डब्यात ठेवा. काम झालं की ट्रेमधले उरलेले कागदही परत डब्यात. सादळलेला कागद उन्हात किंवा इस्त्रीखाली सुकवायला जाऊ नका, तो सुकतो पण गुंडाळतो, आणि गुंडाळलेला कागद हेडला घासतोच. असे कागद मुलांना गणितं सोडवायला द्यावेत.

कागदाबद्दल आणखी थोडं. ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पातळ कागद झेरॉक्सला ठीक, इंकजेटला ८० चा घ्या; किमतीतला फरक शाईत वसूल होतो. रीमच्या वेष्टनावर बाण असतो, त्या बाजूवर आधी छापावं. फोटोपेपरवर चकाकणाऱ्या बाजूलाच छापायचं, उलट्या बाजूवर शाई चिखलासारखी तरंगत राहते. आणि छापण्याच्या खिडकीत कागदाचा प्रकार खरा सांगा. साध्या कागदावर छापताना 'फोटो पेपर' निवडलं तर प्रिंटर जास्त शाई ओततो आणि पान ओलं चिंब येतं. उलट फोटोपेपर घालून 'प्लेन' ठेवलं तर महागडा कागद फुकट. ही एक सेटिंग बरोबर केली म्हणून दुरुस्त झालेले प्रिंटर मी बरेच पाहिलेत.

जिने, आणि बाकीचं

जिन्यासारख्या रेघांचं उत्तर छोटं आहे. हेड जाताना छापतं तसं परत येतानाही छापतं. दोन्ही फेऱ्यांचे थेंब नेमके एकाखाली एक पडले तर उभी रेघ सरळ, नाहीतर जिना. मेनूत हेड अलाइनमेंट असतं. ते काही नमुने छापतं, त्यांतला सर्वांत एकसंध कुठला ते आपण क्रमांकाने सांगायचं. काही मशीन तोच कागद स्कॅनरवर ठेवून स्वतःच वाचतात. चांगल्या कोरड्या कागदावर करा, कारण सादळलेला कागदच मुळी वेडावाकडा सरकतो आणि मग मशीन चुकीचं शिकतं. प्रिंटर एका खोलीतून दुसरीकडे नेला की एकदा करावंच. नेताना टाकीवाला प्रिंटर आडवा-तिडवा धरू नये, शाई नळीतून नको तिथे जाते.

अलाइनमेंट करूनही अक्षरं दुहेरी येत असतील, हेड धावताना मध्येच अडखळत असेल किंवा कोपऱ्यात जाऊन आपटत असेल, तर झाकण उघडून बघा. हेडच्या मागे पारदर्शक प्लास्टिकची पातळ फीत आडवी ताणलेली असते. तिच्यावर डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक रेघा असतात. हेड त्या मोजून आपण कुठे आहोत ते ओळखतं. फितीवर शाईचा शिंतोडा पडला की हेडचा हिशेब चुकतो. मऊ फडकं किंचित ओलं करून फीत हळू पुसायची. ती अडकवलेल्या हुकातून निसटली तर परत बसवताना घाम फुटतो, म्हणून जोर नको.

फोटो धूसर येतात ही तक्रार बहुतेक वेळा प्रिंटरची नसतेच. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. ए-फोर पानभर फोटो चांगला यायला ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. पर्यटकाने पाठवलेला आपल्या अंगणाचा सुंदर फोटो फ्रेम करायचाय, तर त्याला सांगा, 'डॉक्युमेंट म्हणून पाठव'. आणि मोबाईलचा पडदा उजेड फेकतो, कागद फेकत नाही. पडद्यावरचा झगझगीत निळा समुद्र कागदावर तसाच येणार नाही, नवा प्रिंटर आणला तरी.

लेबलांचा मात्र वेगळा विषय आहे. टाकीवाल्या बऱ्याच प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची असते आणि रंगीत डायची, काहींत चारही डायच्या, बाटलीवर बघावं. डाय पाण्यात विरघळतो. पिगमेंट म्हणजे रंगाचे बारीक कण, ते कागदावर चिकटून बसतात आणि पाण्याला दाद देत नाहीत. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून पेटीवर आपल्या बागेचं नाव नीट छापायची हौस वाढलीय, पण वळवाच्या एका सरीत रंगीत नाव वाहून जातं. नाव, फोन आणि क्यूआर कोड काळ्यात छापा, वरून चिकटपट्टी लावा. आधी एका लेबलवर पाण्याचं बोट फिरवून बघा. आणि स्वस्त मिळते म्हणून डायच्या टाकीत पिगमेंटची शाई ओतू नका. दोन्ही मिसळून कण गुठळतात, त्यानंतर क्लीनिंग कितीही करा. टाकीतली पातळी खालच्या खुणेच्या खाली जाऊ देणंही तसंच महाग पडतं, नळीत हवा शिरते.

आबांच्या प्रिंटरवर मी त्या दिवशी फारसं काही केलंच नाही. शेवटचा नोझल चेक काढला, मशीन बटणाने बंद केलं, आणि सकाळी येतो म्हणालो. सकाळी एक क्लीनिंग दिलं. किरमिजीची जाळी खालच्या एका रेघेपुरती सोडून पूर्ण आली, ती रेघ दुपारपर्यंत छापता छापता आपोआप सुटली. अलाइनमेंटला माझ्या घरचे कोरडे कागद वापरले. सातबारा पुन्हा काढला तेव्हा गटनंबर चष्म्याशिवाय वाचता आला आबांना.

आठवड्याने त्यांच्या ओट्यावर चहाला बसलो होतो. प्रिंटरशेजारी स्टीलचा मोठा डबा, त्यात रीम, वर सिलिकाच्या चार पुड्या. आबा कौतुकाने झाकण उघडून दाखवत होते तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "माझो पापडाचो डबो खंय गेलो?"